कुसाबाईचा रेडा

कुसाबाईला कुणी ‘हे तुझ्यानं व्हायचं नाय’ म्हटलं, की समजून जावं, ते काम आता होणार. गावाला एवढं तरी पंचवीस वर्षांत कळायला हवं होतं. पण गाव ते गावच, पालथ्या घड्यावर पाणी.

हे गाव वणीच्या रस्त्याला, दिंडोरी ओलांडली की उजव्या हाताला. इथं द्राक्षाच्या बागा उभ्या राहिल्या त्या काळूमुळं, म्हणजे कुसाबाईच्या नवऱ्यामुळं. आज कुणी कबूल करणार नाही, पण खोटं कशाला सांगू? आधी सगळी रानं चढउताराची, मुरमाड, औत धरलं की बैल गुडघ्यावर यायचे. काळूनं सरकारी लिलावात एक जुनापुराणा चेनवाला ट्रॅक्टर उचलला. चाकांच्या जागी लोखंडी साखळ्या, पुढं माती लोटायला भलंथोरलं पातं, विलायतेत बनलेला आणि खुद्द काळूपेक्षा वयानं मोठा. गाव त्याला रेडा म्हणायचं. रेड्यानं टेकाडं फोडली, ओघळी बुजवल्या, अर्ध्या तालुक्याची रानं ताटासारखी करून दिली. राहिला तो काळूचा स्वतःचा चार एकर माळ. ‘आपलं काय, करू कधी पण,’ म्हणता म्हणता माणूस सत्त्याण्णव साली काविळीनं गेला. त्याच्या आधी महिनाभर इंजिनात ठोके पडायला लागले होते, आतलं एक बेअरिंग जळालं होतं. तेव्हापासून रेडा गोठ्यामागं उभा होता. साखळ्यांत गवत वाढलं आणि सीटवर कोंबडी अंडी घालायला लागली.

तीन वर्षं अशी गेली. दोन हजार साली पितृपक्ष संपता संपता कुसाबाईचा धाकटा दीर गोटीराम एका माणसाला घेऊन आला. तो माणूस साखळीवर पाय ठेवून मोजपट्टीनं पातं मोजायला लागला.

“हे कोण?” कुसाबाईनं विचारलं.

“भंगारवाले,” गोटीराम म्हणाला. “गॅस कटर आणतील, तुकडे करून नेतील. जागा मोकळी व्हईल, वहिनी. आन माळ मी करतो वाट्यानं. तुम्ही कशाला दगडावर डोकं आपटता?”

आत्ता कळलं घोडं कुठं पेंड खातंय! गोटीरामची बाग माळाला लागूनच होती. माळ सपाट झाला तर त्याची चार एकरांची सोन्यासारखी बाग होणार होती, आणि रेडा भंगारात गेला की तो सपाट करायला कुसाबाईकडं काही उरणार नव्हतं. मग माळ वाट्यानं गोटीरामकडं, आणि वाट्यानं गेलेली जमीन परत कशी येते ते कुसाबाईनं माहेरी डोळ्यांनी पाहिलं होतं.

“मोजपट्टी गुंडाळा,” ती त्या माणसाला म्हणाली. “रेडा विकायचा नाय.”

“मग काय करता त्याचं? पूजा घालता?” गोटीराम हसला.

“इंजिन बांधते.”

“कोण बांधतं?”

“मी.”

भंगारवालाही हसला. बांधावरून दोघं-तिघं जण हे ऐकत उभे होते, ते तर खो खो हसले. कुसाबाईचं डोकं सटकलं. पदर खोचून ती म्हणाली, “दिवाळीच्या पाडव्याला या. रेडा आपल्या साखळ्यांवर माळावर चढंल. नाय चढला तर तुमचा कटर मी माझ्या हातानं पेटवून देईन, आन माळ पण भाऊजींना देईन. देवाशपथ.”

तोंडातून शब्द गेला. मग ती घरात येऊन मटकन खाली बसली, कारण शब्द देताना माणसाला बळ असतं, ते नंतर कुठं जातं कोण जाणे. महिन्यावर पाडवा. आणि आयुष्यात तिनं एकटीनं एक नट सोडवला नव्हता.

पण एक गोष्ट गावाला माहीत नव्हती. वीस वर्षं काळूनं जेव्हा जेव्हा इंजिन खोललं, तेव्हा तेव्हा कंदील धरला तो कुसाबाईनं. एकूण एक पार्ट डिझेलमध्ये धुतला तो कुसाबाईनं. काळूनं ‘दे’ म्हणायच्या आत नेमका पाना त्याच्या हातात असायचा. नवऱ्याला हे सगळं म्हणजे बायकोनं भाकरी वाढावी तसं वाटायचं, त्यात काय सांगायचं? पण धुणाऱ्या हाताला लोखंड ओळखू येतं. शाळेचं तोंडही न बघितलेल्या त्या बाईला इंजिनाचं पोट पाठ होतं.

तिचा मुलगा रविराज सातपूरला एका कारखान्यात लेथवर होता, पाळी पाळीनं जायचा. त्यानं आधी कपाळाला हात लावला. “आई, शपथ कशाला घेतलीस? काकाबरोबर कशाला वाकडं घेतेस?”

“तुला मदत करायची तर कर. शहाणपणा शिकवायचा तर कारखान्यात जाऊन शिकव.”

पोरगं गुणाचं. तोंड वाकडं करून का होईना, कामाला लागलं. दोघांनी हेड उतरवलं, पिस्टन काढले, खालचा चेंबर सोडला, आणि चेन-कप्पी लावून क्रँक बाहेर काढला. क्रँक म्हणजे इंजिनाचा कणा. पिस्टन वरखाली होतो आणि क्रँक गोल फिरतो. मधे दोघांना जोडणारा दांडा, त्याला कनेक्टिंग रॉड म्हणतात. रॉडच्या खालच्या टोकाला अर्धा गोल आणि उरलेला अर्धा म्हणजे त्याची टोपी. दोन्ही अर्ध्यांत मऊ पांढरा धातू ओतलेला असतो, तेच बेअरिंग, आणि त्यांच्या मिठीत क्रँक फिरतो. असे चार रॉड, चार टोप्या. त्यातल्याच एकातला धातू जळाला होता.

टोमॅटोच्या टेम्पोतून हे सगळं सातपूरला गेलं. रविराजच्या ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं क्रँक घासून दिला, चारही रॉडमध्ये नवा धातू ओतला, आणि प्रत्येक रॉड आपल्या टोपीसकट आवळून आतलं भोक तासलं. जोडी जोडी तारेनं बांधून कुसाबाईच्या हवाली करताना म्हणाला, “मावशी, मूळचे नंबर झिजलेत. घरी गेल्या गेल्या पंच मारून खुणा करा. मीच मारल्या असत्या, पण तुमचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून जीव खातोय. एकाची टोपी दुसऱ्याला गेली तर ब्रह्मदेवाचा बाप आला तरी इंजिन फिरायचं नाही.”

कुसाबाईला हे सांगायची गरज नव्हती. एका जात्याची वरची पाळ दुसऱ्या जात्यावर बसत नाही, तसंच हे. पण पंच मारायचा तर जड ऐरण पाहिजे, ती लोहाराकडं. ‘मारू सावकाश,’ असं म्हणून तिनं तारा सोडल्या, धातूत तेलाच्या चऱ्या कोरल्या आणि रॉडवर आणि टोपीवर खडूनं आपल्या खुणा काढल्या. अक्षर येत नव्हतं, रांगोळी येत होती. एका जोडीवर गोपद्म, एकीवर सूर्य, एकीवर तुळस, एकीवर स्वस्तिक. खडू तेवढ्यापुरता. हाच तो आळस, आणि आळसाला देव कधी माफ करत नाही.

खंडेनवमीला कुसाबाई हेडच्या गॅस्केटसाठी नाशकात गेली होती. घरी होती नवी सून वैष्णवी. देवळाली कॅम्पातल्या दुकानदाराची मुलगी, बी.कॉम. झालेली, वैशाखात लग्न होऊन आलेली. सासू आपल्यावर खूश नाही असा तिचा समज होता. समज चुकीचा होता असं नाही, कुसाबाई कुणावरच सहसा खूश नसायची. सासूनं आठवडाभर एकच घोकलं होतं: खंडेनवमीला घरातलं एकही हत्यार मळकं राहता कामा नये. विळे, कोयता, पाने, पहार, सगळं घासून, हळदकुंकू वाहून, झेंडू घालून पुजायचं.

वैष्णवीनं सगळं म्हणजे सगळं घासलं.

संध्याकाळी कुसाबाई एस.टी.तून उतरून दारात आली. ओसरीवर पाटांची रांग होती. पाटावर पाने, पाटावर पहार. आणि मधल्या मोठ्या पाटावर चार रॉड एका ओळीत, चार टोप्या दुसऱ्या ओळीत, सोड्याच्या कढत पाण्यात धुतलेल्या, नारळाच्या शेंडीनं घासलेल्या, चांदीसारख्या चमकणाऱ्या, वर हळदकुंकवाची बोटं. खडूचा मागमूस नव्हता.

“आत्याबाई, सगळं झालं बरं का!” वैष्णवी कौतुकाच्या आशेनं पुढं आली.

कुसाबाईच्या हातातली पिशवी खाली पडली. “अगं भवाने! अगं काय केलंस हे!” ती अशी ओरडली की गोठ्यात गाय उठून उभी राहिली. मग तिनं जे काही तोंड सोडलं ते इथं सांगण्यासारखं नाही. सुनेच्या माहेरापासून बी.कॉम.च्या कॉलेजापर्यंत तिनं कुणाला सोडलं नाही. वैष्णवी खांबाला धरून रडत उभी.

रात्री रविराज पाळीवरून आला, पाहिलं, आणि जेवला नाही. “संपलं,” म्हणाला. “परत सातपूरला न्यायचं, सगळा धातू वितळवायचा, नवा ओतायचा. आणि दिवाळीच्या तोंडावर मिस्त्री हातात घेणार नाही. आई, काकाला सांगून टाक.”

‘काकाला सांगून टाक’ हे शब्द ऐकले आणि कुसाबाईचं रडू जागच्या जागी आटलं. ती उठली. चुलीपाशी मुसमुसत बसलेल्या सुनेजवळ गेली. “गप. चूक तुझी नाय,” म्हणाली. “मीच सांगितलं समदं घास, आन मीच पंच मारला नाय. आत्ता रडून लोखंड बोलणार हाय का? सकाळी बस माझ्यासंगं.”

सासूनं चूक कबूल केलेली त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आली. वैष्णवी रडायचीच थांबली.

दसऱ्याला गाव सोनं वाटत फिरत होतं आणि या दोघी ओसरीवर पोतं अंथरून बसल्या होत्या. एक रॉड घ्यायचा, त्याला एक टोपी लावायची, नट आवळायचे आणि आतून सांध्यावरून नख फिरवायचं. जोडी खरी असेल तर नख घसरून जाईल, परकी असेल तर केसाइतक्या कडेला अडकेल. वैष्णवीनं हिशेबाच्या वहीचं पान फाडून चौकोन आखले. “चार रॉड, चार टोप्या, आणि टोपी दोन्ही बाजूंनी बसते. म्हणजे बत्तीस वेळा, आत्याबाई.”

“बत्तीस तर बत्तीस. दात पण तेवढेच असतात, म्हणून काय जेवत नाय का आपण?”

पण एक अडचण होती. कुसाबाईची नखं विळ्यानं, मातीनं आणि डिझेलनं झिजून बोथट झालेली. तिला सगळ्याच जोड्या सारख्या लागत. चौथ्या वेळी वैष्णवीनं भीत भीत आपलं बोट आत घातलं. लांब नख, त्यावर माहेरचं लाल नेलपॉलिश. “इथं अडकतंय,” ती म्हणाली. कुसाबाईला जिथं काही लागत नव्हतं तिथं त्या नखाला पायरी लागत होती. त्याच नखांवरून कुसाबाईनं सुनेला पाच महिने टोमणे मारले होते. ‘या नखांनी काय काम व्हणार?’ आता ती गुमान नट आवळत गेली आणि सून नख फिरवत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन जोड्या पक्क्या सापडल्या. पॉलिशचे टवके उडाले होते.

उरले दोन रॉड आणि दोन टोप्या, आणि तिथं घोडं अडलं. कशीही लावा, नख कुठंच अडकेना. फरक नखापेक्षा बारीक होता. अंदाजानं बसवायचं म्हणजे जुगार, चुकलं तर तासाभरात नवा धातूही जळणार.

“मिस्त्री लोक निळा रंग लावतात,” कुसाबाई म्हणाली. “क्रँकला लावायचा, रॉड आवळून एक फेरा द्यायचा, मग खोलून बघायचं. रंग समद्या अंगाला लागला तर जोडी खरी. एका कडेलाच लागला तर खोटी. पण निळा हाय कुठं?”

नाशकाला परत जायचं तर उद्याचा दिवस मोडणार. तिची नजर पाटावरच्या करंड्याकडं गेली. कुंकू परवाच्या पूजेतलं तसंच होतं. तिनं ते फडक्यातून वस्त्रगाळ केलं, चमचाभर तेलात कालवलं आणि बोटानं क्रँकच्या चकचकीत गोलाईवर पसरवायला लागली. बोट लाल, हात लाल, मनगटापर्यंत लाल.

नेमका त्याच वेळी गोटीराम सोन्याची पानं द्यायच्या निमित्तानं, एक दिवस उशिरा का होईना, डोकवायला आला. तो जागीच थबकला. “वहिनी! अहो, कुंकू? नवरा जाऊन तीन वर्षं झाली तुमचा. काय जनाची नाय तर मनाची—”

“कपाळाला नाय लावलं, लोखंडाला लावलंय,” कुसाबाई मान वर न करता म्हणाली.

“तरी पण विधवा बाईनं करंड्याला हात लावायचा म्हंजी... लोक काय म्हणतील?”

आता मात्र तिनं मान वर केली. “भाऊजी, तुमच्या भावानं मरताना इंजिन फुटकं ठिवलं, माळ दगडाचा ठिवला. त्याच्यावर कुणी काय म्हणलं नाय. आन मी बोटभर कुंकू तेलात कालवलं तर लोकांची जीभ चुरचुरती? जा, सांगा समद्या गावाला. सांगा, कुसाबाईनं कोपरापर्यंत कुंकू लावलंय!” आणि खरंच, बोलता बोलता तिनं तो लाल हात दुसऱ्या हातावरून कोपरापर्यंत फिरवला.

गोटीराम पानं कठड्यावर ठेवून निघून गेला. वैष्णवी खाली मान घालून हसू दाबत होती.

रॉड आवळला, फेरा दिला, खोलला. लाली फक्त एका कडेला. टोप्या बदलल्या, आवळलं, फेरा दिला, खोललं. पांढऱ्या धातूवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी लाली होती. दुसरा रॉड, तसाच. कुसाबाईनं ऐरण आणि पंच मागवला. आणि हातोडी दिली सुनेच्या हातात. “मार. तुझ्या आकड्यांत मार. मला वाचता येत नाय तर तू हायस.” वैष्णवीनं एक ते चार आकडे ठोकले. तीन सरळ आले, चौथा जरा वाकडा. तो आजही तसाच आहे.

मग कुंकवाचा कण न कण रॉकेलनं धुऊन, पंधरा दिवस रात्रंदिवस नाही पण उजेड असेल तोवर, तिघांनी मिळून इंजिन बांधलं. क्रँक बसवला, पिस्टन बसवले, हेड आवळलं, डिझेलचा पंप नाशकातून दुरुस्त करून आणला. सीटवरची कोंबडी कुसाबाईनं दोनदा हाकलली, तिसऱ्यांदा तिला खुराड्यात कोंडलं.

पाडव्याच्या सकाळी माळाच्या पायथ्याशी निम्मं गाव जमलं. घरोघरी ओवाळणी व्हायची होती, पण तमाशा आधी. गोटीराम आला होता, आणि भंगारवाला कटरच्या दोन टाक्या टेम्पोत घालून आला होता. माणूस शब्दाचा पक्का.

त्या जातीच्या ट्रॅक्टरला मोठं इंजिन सुरू करायला बाजूला एक छोटं पेट्रोलचं इंजिन असतं, गावात त्याला पिलू म्हणायचे. रविराजनं दोरी गुंडाळून ओढली. पिलू खोकलं. पुन्हा ओढली. खोकलं. “पेट्रोल वास घ्यायला घातलंय का?” मागून कुणी तरी बोललं आणि हशा झाला. सातव्या ओढीला पिलू तडतडायला लागलं. रविराजनं दांडा ओढून मोठं इंजिन त्याला जोडलं. मोठं इंजिन हळूहळू फिरू लागलं. नळकांड्यातून पांढरा धूर आला, मग करडा, आणि मग एकदम धड्ड करून काळा. धड्ड, धड्ड, धड्ड. जमीन हादरायला लागली. कुसाबाई धुराकडं बघत नव्हती. ती तेलाच्या दाबाच्या काट्याकडं बघत होती. काटा थरथरला, चढला, मधोमध जाऊन उभा राहिला. तिनं इंजिनाच्या अंगाला कान लावला. ठोका नाही. मग मात्र तिला भडभडून आलं, सगळ्यांसमोर, आणि तिनं ते लपवलंही नाही.

लोकांचा नूर लगेच पालटला. तो पालटायला काय लागतं? एक म्हातारी हात जोडून म्हणाली, “काळूचा आत्मा शांत झाला गं बाई! नवऱ्याच्या आठवणीसाठी काय केलंस!”

कुसाबाईचे डोळे तिथंच कोरडे झाले. “आठवणीसाठी?” ती ओरडली, कारण रेड्यापुढं ओरडल्याशिवाय ऐकू जात नव्हतं. “वीस वर्षं याला धुतलं मी. वीस वर्षांत त्यानं मला एकदा, एकदा त्या सीटवर बसू दिलं नाय! बाईमाणूस बसलं तर मशीन बिघडतं म्हणायचा. मी बसले नाय, तरी बिघडलंच ना? हे आठवणीचं नाय. हे माझं हाय!”

गोटीराम तेवढ्यात पुढं झाला आणि समजुतीच्या आवाजात म्हणाला, “बरं बरं वहिनी, तुमचं तर तुमचं. शपथ पुरी व्हायला माळावर चढायला पाहिजे. रविराज, बस रे बाबा. उगा हट्टाला पेटू नका, त्या साखळ्या हायेत.”

रविराजनं एक पाय साखळीवर ठेवला होता.

“उतर,” कुसाबाई म्हणाली.

“आई, तुला चालवता येतं का?”

“नाय.”

“मग?”

“इंजिन तरी कुठं बांधता येत होतं?”

रविराजनं पाय खाली घेतला. कसं गियर टाकायचं, कुठला दांडा सोडायचा, एवढं तिला ओरडून सांगितलं. वैष्णवीनं दोन्ही हातांनी सासूला खालून वर ढकललं, आणि नऊवारीचा कासोटा सावरत कुसाबाई त्या फाटक्या सीटवर बसली. बसल्यावर तिला एवढंच वाटलं, अरे, हे तर उंच आहे, इथून आपला माळ सगळा दिसतो! पातं खाली गेलं. दांडा सुटला. एक हिसका बसला, साखळ्या कुरकुरल्या, आणि रेडा निघाला. पहिला दगड पात्यापुढं लोळला, दुसरा लोळला, मागं कच्च्या मुरमाचा सपाट पट्टा उमटत गेला. पोरं शिट्ट्या मारत बाजूनं पळायला लागली.

गोटीराम माळाच्या वरच्या अंगाला, त्याच्या आणि तिच्या हद्दीवर जाऊन उभा राहिला होता, दोन्ही हात वर करून. “वहिनी, बास! चढलात! जिंकलात! थांबा आता!”

“थांबायचं कसं ते अजून शिकायचंय!” कुसाबाई वरून ओरडली. “बाजूला व्हा!”

आणि गोटीराम बाजूला झाला.